पावसाळ्याआधी कॅम्पर उभी करताना : टाकी, पंप, गिझर आणि नळ रिकामे कसे करायचे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात आता घरापुढे उभ्या असलेल्या कॅम्पर गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत बेड, ओटा, सिंक बसवून घेतलंय, तर कुणी जीपमागे ओढायचा ट्रेलर बांधून घेतलाय. गाडी सजवताना लाकूडकाम, दिवे, गाद्या यांच्यावर भरपूर विचार होतो, पण पाण्याच्या लाइनीचा विचार बहुतेक जण ती बिघडल्यावरच करतात. आणि आपल्याकडे ती बिघडते पावसाळ्यात, गाडी चार महिने एका जागी उभी असताना.

परदेशातल्या सगळ्या माहितीपुस्तकांत हे काम हिवाळ्याचं म्हणून दिलेलं असतं. तिकडे पाणी गोठतं. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप, पंप, फिल्टरची वाटी फोडतं. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा क्वचित १० अंशांखाली येतो, त्यामुळे आपल्या दारात उभ्या गाडीचा पाइप थंडीनं फुटायचा नाही. आपला शत्रू साचलेलं पाणी. बंद टाकीत राहिलेल्या दोन लिटरांत शेवाळ धरतं, पाइपच्या आतून बुळबुळीत थर बसतो, डास अंडी घालतात, पंपाचं रबर चिकटतं आणि गिझरच्या तळाशी क्षाराचा गाळ दगडासारखा होतो. उपाय मात्र इकडे-तिकडे एकच : गाडी उभी करण्याआधी यंत्रणेत पाण्याचा थेंब ठेवायचा नाही. डिसेंबरात मनाली-स्पीतीकडे जाणाऱ्यांना थोडं जास्त करावं लागतं, ते शेवटाकडे येईलच.

कधी करायचं

रोहिणीत करा. म्हणजे २५ मेपासून मृग लागेपर्यंतचे दोन आठवडे. वळवाच्या एक-दोन सरी येऊन गेलेल्या असतात, पण ऊन कडक असतं आणि रिकामी केलेली टाकी दोन दिवसांत आतून खडखडीत वाळते. मृग लागल्यावर हेच काम केलंत तर टाकी रिकामी होईल, पण वाळणार नाही, आणि या सगळ्या खटाटोपात वाळणं हीच निम्मी लढाई आहे. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर मेच्या मध्यावरच उरकावं. कणकुंबीत वर्षाला ४,००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यात अथणीला ७०० मि.मी.सुद्धा होत नाही. एका जिल्ह्यातल्या दोन गाड्यांना एकच वेळापत्रक चालणार नाही.

आणखी एक फरक पाण्याचा. पश्चिमेकडच्या तांबड्या, जांभ्याच्या मातीतलं विहिरीचं पाणी मऊ असतं, पण त्यातून बारीक तांबडा गाळ येतो. तो टाकीच्या तळाशी आणि पंपाच्या जाळीत बसतो. पूर्वेकडे काळ्या मातीतल्या बोअरचं पाणी जड. तिथं गाळ कमी, पण नळाच्या जाळीवर, गिझरच्या कॉइलवर आणि टाकीच्या भिंतीवर पांढरी खापरं धरतात. तुमची टाकी उघडून आत बॅटरी मारा. तळाला तांबडं दिसतंय की भिंतीला पांढरं, त्यावर पुढची पहिली पायरी ठरते.

आधी स्वच्छता, मग रिकामं करणं

बरेच जण सरळ कॉक उघडून पाणी सोडून देतात. घाण टाकी रिकामी केली तर घाण आतच वाळते आणि ऑक्टोबरात पहिलं पाणी भरताच पुन्हा जिवंत होते. म्हणून आधी धुवायचं.

सुरुवातीला फिल्टरची काडतुसं काढून ठेवा. धाग्याचं किंवा कोळशाचं काडतूस जुनं असेल तर टाकूनच द्या, पावसाळाभर ओलं ठेवलेलं काडतूस पुन्हा वापरण्यात काही अर्थ नाही. गाडीत आरओ असेल तर त्याचा मेंब्रेन काढून घ्या. क्लोरीननं तो खराब होतो आणि एकदा ओला झालेला मेंब्रेन वाळवलेलाही चालत नाही. स्वच्छ पिशवीत घट्ट बंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

पांढरे क्षार दिसत असतील तर १० लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो लिंबूसत विरघळवून टाकीत ओता. गिझरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा, कारण हे आम्ल गिझरच्या आतल्या एनोड रॉडला, म्हणजे टाकीऐवजी झिजणाऱ्या धातूच्या कांडीला, खातं. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर लिंबूसत अजिबात नको. मग पंप चालू करून थंड बाजूच्या प्रत्येक नळातून आंबट पाणी येईपर्यंत सोडा, नळ बंद करा आणि गाडी गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यानं अर्धा तास फिरवून आणा. आत पाणी हिसळतं आणि वरच्या भिंतीपर्यंत पोचतं. हात न पोचणाऱ्या टाकीला यापेक्षा चांगली घासणी मला माहीत नाही. तासाभरापेक्षा जास्त मात्र ठेवू नका, पितळी नळांना ते बरं नाही. मग सगळं सोडून द्या आणि साध्या पाण्यानं दोनदा खळखळून धुवा.

हे दोनदा धुणं टाळू नका. यानंतर क्लोरीन घालायचं आहे, आणि आम्ल व क्लोरीनचं द्रावण एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद गाडीत तो छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागेल. दारं-खिडक्या उघड्या ठेवूनच काम करा.

क्लोरीनचं प्रमाण सोपं आहे. १०० लिटरच्या भरलेल्या टाकीत ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १०० मि.ली. घातलं की दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतं. ५० लिटरच्या टाकीला ५० मि.ली. घ्या. सुगंधी किंवा साबण मिसळलेलं द्रावण घेऊ नका, आणि बाटलीवरची तारीख पाहा, जुन्या बाटलीतलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. ब्लीचिंग पावडरच मिळाली तर १०० लिटरला १५ ते २० ग्रॅम पुरे, पण ती थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवा, अर्धा तास निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणी तेवढं ओता, नाहीतर खालचा चुना पंपाच्या जाळीत जाऊन बसेल. टाकी भरल्यावर प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, थंडाचाही आणि गरमाचाही. जेट स्प्रे आणि बाहेरचा शॉवर लोक हमखास विसरतात. चार तास ठेवा. क्लोरीन धातूला खातं, म्हणून रात्रभर ठेवण्याचा मोह नको.

टाकी

आता टाकीचा तळाचा कॉक उघडा आणि वरचं झाकणही काढा. वरून हवा आत गेल्याशिवाय पाणी नीट उतरत नाही. आपल्याकडे बांधलेल्या बऱ्याच टाक्यांचा कॉक अगदी तळाला नसतो, बोटभर वर असतो. त्यामुळे धार थांबली म्हणजे टाकी रिकामी झाली असं धरू नका. ज्या बाजूला कॉक आहे तिच्या विरुद्ध बाजूचं चाक दोन इंच जाडीच्या फळीवर चढवा. गाडी कलते आणि उरलेलं पाणी कॉकाकडे येतं. त्यानंतरही तळाला जे चकाकतं ते स्पंजनं टिपून घ्या. हात जात नसेल तर पारदर्शक नळी घालून ओढा. टाकीचं तोंड जाळीच्या कापडानं बांधून दोन दिवस उन्हात उघडं ठेवा.

नवी टाकी बसवणार असाल तर फिटरला आत्ताच सांगा : कॉक तळाच्या कोपऱ्यात आणि वर हात जाईल एवढं तोंड. नंतर ते करणं फार जड जातं.

गिझर

इथं घाई करू नका. आधी विजेचं बटण बंद, पिन काढलेली, आणि पाणी पूर्ण निवलेलं. रात्री बंद करून सकाळी हात लावला तर उत्तम. तापलेल्या गिझरचा नट ढिला करणं म्हणजे हात भाजून घेणं. आणि रिकामा गिझर चुकून चालू झाला तर कॉइल काही मिनिटांत जळते, म्हणून बटणावर कागद चिकटवा : ‘आत पाणी नाही’.

उभ्या साठवण गिझरची रचना समजून घेतली की रिकामा करणं सोपं जातं. गरम पाणी बाहेर नेणारी नळी आतून थेट वरपर्यंत गेलेली असते, थंड पाणी तळाला येतं. म्हणून गरम बाजूचा नळ कितीही वेळ उघडा ठेवलात तरी गिझर रिकामा होत नाही. थोडं पाणी येतं आणि थांबतं, आणि १५ लिटरचा गिझर भरलेलाच राहतो. पाणी काढायचं ते थंड बाजूनं. पण तिथं उलट्या दिशेनं पाणी जाऊ नये म्हणून व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्याला छोटी खिट्टी असेल तर ती उचलून धरा, नसेल तर व्हॉल्व्हच सोडवा. त्याच वेळी वरून हवा जायला गरम बाजूचा नळ उघडा ठेवा. खाली बादली लावा. १५ लिटरच्या गिझरमधून दहा-बारा लिटरच निघालं तर कुठंतरी हवा अडली आहे, पुन्हा पाहा.

हाच मोका साधून एनोड रॉड बाहेर काढा. मॅग्नेशियमची ही कांडी गिझरच्या टाकीऐवजी स्वतः झिजते. अथणी, रायबागकडचं जड पाणी वापरणाऱ्यांच्या कांडीवर बऱ्याचदा पांढरी चामडी चढलेली असते, ती खरवडून आतला धातू किती उरलाय ते बघा. तार दिसायला लागली असेल तर नवी घाला. गाळ असेल तर त्याच भोकातून स्वच्छ पाणी ओतून तळ धुवून घ्या.

गॅस गिझर असेल तर त्यातलं पाणी खालच्या निचरा-स्क्रूमधून काढा, सिलिंडर काढून घराबाहेर मोकळ्या हवेत ठेवा. आणि विषय निघालाच आहे तर सांगतो, गाडीच्या आतल्या बंद जागेत गॅस गिझर लावून अंघोळ करू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस बसल्या जागी कोसळतो. गिझर बाहेरच्या बाजूला, उघड्यावर बसवलेला असेल तरच वापरा.

पाइप आणि पंप : हवेनं पाणी ढकलणं

सगळे नळ उघडे ठेवून पाइप रिकामे होत नाहीत. सिंकखालचा एल्बो, बेडच्या खालून गेलेला आडवा तुकडा, जेट स्प्रेची वेटोळी नळी, या सगळ्यांत पाणी अडून राहतं. ते हवेनंच निघतं.

पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची टाकी ८ ते १० किलोला (दर चौरस सेंटिमीटरला तेवढा दाब) भरलेली असते. ती हवा थेट सोडली तर सीपीव्हीसीचे (गरम-थंड पाण्याच्या कडक प्लास्टिक पाइपचे) सांधे सुटतात, क्वचित फिल्टरची वाटीच फुटते. गाडीतला १२ व्होल्टचा पंप साधारण अडीच ते तीन किलोला आपोआप बंद होतो, म्हणजे सगळी लाइन तेवढ्याच दाबाच्या हिशोबानं बांधलेली असते. त्यामुळे हवा दोन किलोवर ठेवायची, अडीचच्या वर कधीच नाही. उद्यमबागेतल्या एका लेथवाल्यानं मला जोडणी करून देताना बजावलं होतं, ‘दोन किलोच्या वर हवा घालू नका बघा, जॉइंट उडतोय.’

जोडणी घरी करता येते. अर्ध्या इंचाची सीपीव्हीसीची एंड कॅप घ्या. मधोमध ट्यूबलेस टायरच्या व्हॉल्व्हच्या मापाचं भोक पाडा. व्हॉल्व्ह आतून ओढून घ्या, म्हणजे त्याचं रबर भोकात घट्ट बसतं. कॅपला अर्ध्या इंचाचा आट्याचा तुकडा चिकटवा आणि सोल्युशन चोवीस तास वाळू द्या. आट्यावर टेफ्लॉनचे सात-आठ वेढे, घड्याळाच्या दिशेनं. बाहेरच्या नळाचं पाणी टाकी वगळून थेट लाइनीत घेणारी जोडणी गाडीला असेल तर ही कॅप तिच्यावर बसवा. तशी जोडणी नसेल तर पंपाच्या पुढची नळी सोडवा आणि तिथं लावा. आता टायरमध्ये हवा भरायचा साधा इन्फ्लेटर चालतो, त्यावर काटा असतो. उलट कंप्रेसरपेक्षा तो बरा, कारण जुन्या कंप्रेसरच्या हवेतून तेलाचे कण येतात आणि ते पिण्याच्या पाइपात जायला नकोत.

पंप बंद, टाकीचा कॉक उघडा, गिझरच्या दोन्ही बाजू परत जोडलेल्या किंवा बायपास केलेल्या (म्हणजे गिझर वगळून एकमेकींना जोडलेल्या), आणि सगळे नळ बंद. दाब दोन किलोला आला की इन्फ्लेटर थांबवा आणि सगळ्यांत लांबचा नळ एकदम उघडा. आधी धार येते, मग अडखळत फवारे, मग नुसतं धुकं. नळ बंद करा, पुन्हा दाब भरा, पुन्हा उघडा. लहान इन्फ्लेटर सतत हवा पुरवू शकत नाही, म्हणून हे भरणं-सोडणं करावं लागतं. एका नळाला तीन-चार वेळा लागतं. थंड बाजू झाली की गरम बाजू, मग पुढचा नळ, असं करत जवळच्या नळापर्यंत या. जेट स्प्रे खाली लोंबता धरून दाबा. बाहेरचा शॉवर, ओट्याखालचा जादा नळ, आणि लाइनीच्या सगळ्यांत खालच्या टोकाला निचऱ्याचा कॉक असेल तर तोही. नळाच्या तोंडाशी कोरडा कागद धरा. कागद ओला होत नाही तेव्हा ती लाइन संपली.

पंपाच्या आधी बारीक जाळीची वाटी असते. ती हातानं उघडते. जाळी जुन्या टूथब्रशनं धुवा, वाटीच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. व्हॅसलीन नको आणि खोबरेलही नको, त्यांनी रबर फुगतं किंवा चिकट होतं. मग पंप अर्धा मिनिट कोरडा चालवा, म्हणजे डोक्यात अडकलेलं पाणी बाहेर फेकलं जाईल. हा डायफ्रामचा पंप तेवढं सोसतो, पण विसरून तासभर चालू ठेवू नका. शेवटी पंपाचा फ्यूज काढून खिशात टाका.

सांडपाणी

सिंकखालचा बॉटल ट्रॅप हातानं फिरवून उघडा, त्यात नेहमी वाटीभर घाण पाणी असतं. शॉवरच्या जाळीखालचा ट्रॅप स्पंजनं टिपा. आता ट्रॅपमध्ये पाणी नसल्यानं सांडपाण्याच्या टाकीतून वास आणि झुरळं वर येतील, म्हणून भोकांना रबरी बूच लावा किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा. सांडपाण्याची टाकी रिकामी करून साबणाच्या पाण्यानं धुवा आणि तिचा कॉक जाळी बांधून उघडाच ठेवा.

संडासाची कॅसेट, म्हणजे खालची ओढून काढता येणारी मैल्याची टाकी, घरच्या संडासातच रिकामी करायची. ओढ्यात, गटारात, उसाच्या सरीत ती ओतू नये. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि तिचंच पाणी खाली किती गावं पितात ते आपल्याला माहीत आहे. कॅसेट धुवून, झडपेच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावून, झडप उघडी ठेवून वाळवा. बंद ठेवली तर रबर चिकटतं आणि ऑक्टोबरात फाटतं.

उभं करणं

नळ अर्धे उघडे ठेवा, गरम-थंड एकत्र करणाऱ्या मिक्सर नळाची दांडी मधोमध. टाकीचं झाकण घट्ट बंद करू नका, जाळी बांधून सैल ठेवा, आत हवा फिरली पाहिजे. टाकीची हवा जाणारी नळी आणि ओव्हरफ्लो या दोन भोकांकडे खास लक्ष द्या. डासाची मादी तेवढ्यातून आत शिरते, आणि डेंग्यूच्या डासाची कोरड्या भिंतीला चिकटलेली अंडी महिनोन्महिने टिकून पाणी येताच फुटतात. शिवाय कुंभारमाशी अशा नळीत चिखलाचं घर बांधून ती पूर्ण बुजवते, मग टाकी भरताना हवा निघत नाही आणि पाणी उलटं उसळतं. बारीक स्टीलची जाळी आणि क्लिप, एवढ्यानं दोन्ही टळतं.

उंदीर आणि घुशी पावसात कोरड्या जागेत येतात. आपल्या घरांच्या मागं ऊस, भात असतं, त्यामुळे हा त्रास शहरातल्यापेक्षा जास्त. मऊ पीयू नळी त्या एका रात्रीत कुरतडतात. पाइप जिथं फरशीतून खाली जातो त्या फटीत भांडी घासायची स्टीलची घासणी ठासून भरा.

काळ्या मातीत गाडी उभी करू नका. चिक्कोडी-अथणीकडे पाऊस लागला की एका बाजूचं चाक रुतून गाडी कलते, आणि उरलंसुरलं पाणी नको त्या कोपऱ्यात जाऊन बसतं. चाकांखाली फरशा किंवा चिऱ्याचे तुकडे घाला. फणसाच्या-आंब्याच्या झाडाखाली नको, पानं कुजून छताच्या जाळ्या बुजतात. ताडपत्री टाकलीत तर बाजूनं हात जाईल एवढी हवा सोडा. आणि कृष्णा-दूधगंगेच्या काठच्या गावांतली माणसं २०१९ चा ऑगस्ट विसरलेली नाहीत. नदीच्या जवळ घर असेल तर गाडी चार महिने उंचावरच्या पाहुण्यांकडे ठेवलेली बरी.

पाणी भरायची होज नळी पूर्ण ओघळून घ्या, गुंडाळा आणि तिची दोन टोकं एकमेकांत बसवून टाका. आत किडा शिरत नाही. बागेची हिरवी नळी पिण्याच्या पाण्याला वापरत असाल तर या निमित्तानं खाद्यदर्जाची नळी घ्या, उन्हात तापलेल्या स्वस्त नळीचा वास टाकीभर पाण्याला लागतो.

श्रावणात उघडीप मिळते. तेव्हा एकदा दारं उघडून, टाकीत बॅटरी मारून, सिंकखाली हात फिरवून बघा. ओल लागली तर पुन्हा वाळवा.

उत्तरेकडे निघणाऱ्यांसाठी

बेळगावाहून ४८ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गानं सरळ दिल्ली गाठता येते, आणि २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही मनालीच्या पुढं लाहौलपर्यंत जाणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. स्पीतीतलं काझा ३,६०० मीटरहून जास्त उंचीवर आहे, तिथं ऑक्टोबरातही रात्री पारा शून्याखाली जातो. आपल्याकडच्या गाड्यांत बहुतेक सीपीव्हीसी असतं, आणि ते थंडीत ठिसूळ होतं. मऊ नळी थोडी फुगून तग धरते, सीपीव्हीसी तडकतं. सगळ्यांत आधी फुटते ती फिल्टरची वाटी, मग पंपाचं डोकं, मग मिक्सर नळाच्या आतलं काडतूस.

अशा प्रवासात सोपा मार्ग : मनालीच्या आधीच वर सांगितल्याप्रमाणे हवा मारून लाइन पूर्ण रिकामी करा आणि पुढं वीस लिटरचे कॅन वापरा. कॅन रात्री गाडीच्या आत ठेवता येतात, पाइप ठेवता येत नाहीत. फिल्टरची वाटी काढून ठेवा. ट्रॅपमधलं पाणी काढा.

परदेशातल्या परंपरेनं पाइपात गुलाबी अँटिफ्रीझ (गोठू न देणारं द्रावण) भरायचं ठरवलंत तर एक गोष्ट जिवावरची आहे. गॅरेजमध्ये मिळणारं इंजिनचं कूलंट या कामाला कधीही वापरू नका. हिरवं असो की गुलाबी, त्यात सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे. घोटभरही मुलाच्या जिवावर उठू शकतं. पाण्याच्या लाइनीत चालतं ते प्रॉपिलीन ग्लायकॉल, आणि तेही औषधी दर्जाचं, सीलबंद, प्रमाणपत्रासह. सुटं, पिंपातलं, औद्योगिक दर्जाचं नको. २०२२ साली गांबियात मुलं दगावल्यावर भारतातून गेलेल्या सिरपांत डायएथिलीन आणि एथिलीन ग्लायकॉल सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनं दिला होता. औषधातसुद्धा हे शिरू शकतं, मग सुट्या पिंपाचा भरवसा काय धरायचा? माझं मत स्पष्ट आहे : चांगला माल खात्रीनं हाती येत नसेल तर ग्लायकॉलच्या वाटेला जाऊ नका, हवेनं रिकामं केलेली लाइन गोठायला तिच्यात पाणीच नसतं. वापरलंच तर निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३० अंशांपर्यंत पुरतं. गिझर बायपास करा, नाहीतर तो भरण्यातच १५ लिटर जाईल, आणि परत आल्यावर लाइन फेस व गोडसर चव पूर्ण जाईपर्यंत धुवा.

पुन्हा सुरू करताना

हस्ताचा पाऊस ओसरला, दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं, की गाडी उघडा. आधी जाळ्या आणि बोळे काढा, किती लावले होते ते मोजून. एखादा बोळा सांडपाण्याच्या नळीत राहिला तर सिंक तुंबतं. फिल्टरचं नवं काडतूस अजून बसवू नका.

टाकी थोडी भरा, हलवून सोडून द्या. पुन्हा भरा. पंपाचा फ्यूज लावा, सगळे नळ उघडे ठेवून पंप चालू करा. सुरुवातीला हवा आणि पाणी मिसळून नळ धडधडतात, घाबरू नका. एकेक नळ सलग धार येऊ लागली की बंद करत जा. गरम बाजूचा नळ बराच वेळ नुसती हवा सोडतो, कारण गिझर भरत असतो. त्यातून सलग पाणी येईपर्यंत गिझरचं बटण लावायचं नाही, आणि तो कागदही तोपर्यंत काढायचा नाही.

आता गळती. सगळे नळ बंद असताना पंप दाब भरून थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. रात्री सगळं शांत असताना पंप चालू स्थितीत सोडून बसा. मधूनच तो दोन सेकंद घुरघुरला तर कुठंतरी पाणी जातंय. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा, ओला होईल तो दोषी. बहुतेक वेळा पंपाच्या जाळीची वाटी आट्यावर तिरकी बसलेली असते किंवा गिझरचा वॉशर वाळलेला असतो. बहुतेक गळती तिथंच सापडते.

गळती नाही हे पक्कं झाल्यावर मेमध्ये केलं तसंच क्लोरीन, त्याच प्रमाणात, चार तास. गाडीला पुराचं पाणी लागलं असेल तर हे दोनदा करा आणि होज नळी, काडतुसं, बॉटल ट्रॅप नवे घाला. मग साध्या पाण्यानं टाकी दोनदा भरून सोडा. वास राहिलाच तर १०० लिटरला पाव किलो खायचा सोडा विरघळवून रात्रभर ठेवा आणि धुवून टाका. शेवटी नवं काडतूस आणि आरओचा मेंब्रेन बसवा. आरओच्या पहिल्या दोन टाक्यांचं पाणी ओतून द्या. पहिली भरती शक्यतो पालिकेच्या नळाची करा, बेळगावात राकसकोप किंवा हिडकलचं शुद्ध केलेलं पाणी येतंच. ताज्या पावसानंतर विहिरी आणि बोअर काही आठवडे गढूळ असतात. तसं पाणी भरलंत तर नवं काडतूस पहिल्याच आठवड्यात तुंबेल.